काहिलीचं घड्याळ

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर नवखा माणूस आला की त्याची नजर आधी चरकावर जाते. आवाज त्याचाच, धावपळही त्याच्याभोवती. मुरलेला गुळव्या मात्र काहिलीकडे बघतो. दिवसभरात किती गूळ पडणार हे तीच ठरवते.

हिशेब साधा आहे. 100 किलो ऊस गाळला की 60 किलोच्या आसपास रस निघतो आणि तो आटून 10-11 किलो गूळ हाती येतो. बाकी सगळं पाणी, आणि ते उडवायला भांडं एकच. 1000 लिटर रसाचं आधण उतरायला अडीच-तीन तास लागतात. चरक त्याच्या कितीतरी आधी मोकळा होतो. पण हौदात थांबलेला रस आंबायला लागतो, त्यातली साखर मोडते, मग गूळ कण धरत नाही.

आमच्या भावकीत एकानं कर्ज काढून मोठा चरक बसवला. काहील तीच ठेवली. सकाळी गाळलेला रस दिवेलागणीला चुलवाणावर चढू लागला. गूळ काळपट, चिकट निघाला आणि सौद्यात भाव पडला. त्या हंगामाची आठवण अजून टोचते, कारण कष्टात कुणीच कमी पडलं नव्हतं.

इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी जेफ कॉक्स यांच्यासह 1984 साली ‘द गोल’ ही कादंबरी लिहिली, ती एका अडचणीतल्या कारखान्याचीच गोष्ट आहे. त्यांचं सांगणं असं: माल जिथे तुंबतो ती जागा शोधा, तिला रिकामी बसू देऊ नका, बाकीच्यांना तिच्या चालीनं चालवा, आणि एवढं केल्यावरच तिची ताकद वाढवायला पैसा घाला. आमच्या भावकीतला पैसा नेमका उलट्या टोकाला गेला होता.

काहील रिकामी कशी राहते, ते आधण उतरताना दिसतं. गुळव्या पाकाचे थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि हाक देतो. माणसं काहील ओढून वाफ्यात कलंडवतात. त्या घडीला पुढचा रस गाळून तयार हवा. आधणाला अडीच तास धरले आणि दर खेपेला 20 मिनिटं वाया गेली, तर अहोरात्र चालणाऱ्या गुऱ्हाळाचं दिवसाला एक आधण बुडतं. नव्या यंत्राचा हप्ता भरण्याआधी ही 20 मिनिटं मोजावीत, असं मला फार वाटतं.

तुंबण्याची जागा हलतेही. आभाळ आलं की अंगणातलं चिपाड वाळत नाही, जाळ धरत नाही आणि आधण लांबतं. त्या दिवशी खरं काम अंगणात असतं. धुराड्याकडे वाया जाणाऱ्या उष्णतेवर दुसरी काहील ठेवून रस आधीच तापवला, तर मुख्य काहिलीचा वेळ वाचतो. उत्तरेकडच्या कोल्हूंवर अशा काहिलींची रांगच असते. आधणं वाढली की मग वाफे आणि साचे अपुरे पडू लागतात.

भावकीतला तो मोठा चरक अजून आहे. हौदाला आतून चुन्याची एक रेघ मारलेली आहे. रस रेघेला लागला की चरक बंद, खाली गेला की सुरू. आणि तोडकऱ्यांना रोज संध्याकाळी निरोप जातो तो उद्याची आधणं मोजून.