बाळंतपणानंतर लघवीची भावनाच होत नसेल तर...

प्रसूतीत बाळाचं डोकं खाली सरकताना मूत्राशयाच्या नसा ताणल्या जातात. त्यामुळे काही जणींना मूत्राशय भरूनही लघवीची भावना होत नाही.

● धोका कोणाला जास्त? पहिलटकरीण, लांबलेली प्रसूती, एपिड्युरल (कळा कमी करण्यासाठी पाठीत दिलेली भूल), चिमटा किंवा व्हॅक्यूमचा वापर.

● ६ तासांची मर्यादा : प्रसूतीनंतर किंवा कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर ६ तासांत लघवी झाली नाही, तर न लाजता नर्सला सांगा.

● फसवं लक्षण : थेंब थेंब गळणं ही मूत्राशय तुडुंब भरल्याचीही खूण असू शकते.

● उपाय : भावनेची वाट न पाहता दर २-३ तासांनी लघवीला जा. लघवी तुंबल्याचं सोनोग्राफीत दिसलं, तर काही काळ कॅथेटर ठेवतात. वेळेवर उपचार झाले, तर बहुतेक जणींची जाणीव परत येते.