प्रोग्रॅमच्या पोटातला सर्व्हर

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील तुमच्या शाळेत पर्जन्यमापक आहे. रोजच्या नोंदी संगणकातील एक जावा प्रोग्रॅम ठेवतो. त्या सर्व वर्गांना दाखवायच्या आहेत. वीज आहे, पण ऐन पावसात इंटरनेट बंद पडले! आता काय कराल?

वेब सर्व्हर म्हणजे काही अवाढव्य यंत्र नव्हे. तोही एक प्रोग्रॅमच. मागणी ऐकायची आणि उत्तर धाडायचे, हे त्याचे काम. २००६ साली आलेल्या जावाच्या सहाव्या आवृत्तीपासून ‘एचटीटीपीसर्व्हर’ हा छोटा सर्व्हर जावाबरोबरच मिळतो. तो तुमच्याच प्रोग्रॅमात बसवा. त्याला तीन गोष्टी सांगा : कोणत्या पोर्टवर, म्हणजे कितव्या दारावर, कान द्यायचा (समजा, ८०००), कोणत्या पानाची मागणी ओळखायची, आणि उत्तर काय द्यायचे. नोंदी त्याच प्रोग्रॅमात असल्याने ताजा आकडा थेट उत्तरात जातो.

शाळेच्या राउटरला जोडलेल्या दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये पहिल्याचा आयपी पत्ता, पोर्ट आणि पानाचे नाव लिहा. नोंदी दिसतील, कारण मागणी शाळेबाहेर जातच नाही!

मात्र आधी सर्व्हर १२७.०.०.१ या पत्त्यावर चालवून पाहा. तेव्हा तो फक्त त्याच संगणकाला दिसतो. सारे नीट चालले, की शिक्षकांना विचारून इतरांसाठी दार उघडा.