गाडीच्या पावसाळी चपला

मैत्रिणींनो, मे महिना संपत आला की आपली कोण धावपळ! कातडी चपला माळ्यावर जातात, रबरी चपला खाली येतात. छत्र्यांच्या काड्या तपासायच्या, मुलांचे रेनकोट अंगाला लावून बघायचे, गळणाऱ्या पत्र्यावर डांबर लावून घ्यायचं, पापड-कुरडयांचे डबे घट्ट बंद करायचे. मृग लागायच्या आत सगळं घर पावसासाठी तयार असतं. पण ज्या स्कूटीवर आपण रोज पोरांना शाळेत सोडतो, नोकरीला जातो, भाजी आणतो, तिच्या पायात काय आहे हे किती जणी वाकून बघतात?

माझ्या डोक्यात हा विषय घातला तो माझ्या भाचीने. ती लग्न होऊन जर्मनीत गेली. ऑक्टोबर आला की तिच्या फोनवर एक वाक्य ठरलेलं, "मावशी, आज टायर बदलायला गेलो होतो." पहिल्या वर्षी मी विचारलं, "का गं, पंक्चर झाली का?" ती हसली. म्हणाली, "नाही गं, थंडी आली ना!"

तिकडे म्हणे गाडीला टायरचे दोन जोड असतात, एक उन्हाळी आणि एक हिवाळी. जर्मन लोकांत एक सोपा हिशेब आहे, ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर. उरलेले चार टायर घराच्या तळघरात ठेवायचे, नाहीतर गॅरेजवाल्याकडे भाडं भरून ठेवायचे. अशा जागेला ते चक्क टायरचं हॉटेल म्हणतात! आपल्याकडे माणसाला हॉटेल परवडेना, तिथं टायर हॉटेलात राहतात.

तिकडे हिवाळी टायर का?

हे श्रीमंतीचे चोचले नाहीत बरं का. साध्या टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली थंडी गेली की कडक होतं. फ्रिजमधून काढलेल्या लोण्याचा गोळा कसा पोळीवर पसरत नाही, तसं कडक रबर रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. म्हणून जर्मनीत २०१० पासून कायदाच आहे, की बर्फ किंवा गारठलेला ओला रस्ता असेल तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायची नाही. चालवली तर ६० युरो दंड. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात तर २००८ पासून हिवाळ्याचे ठरावीक महिने असे टायर सक्तीचेच आहेत.

मग आपणही लातूर-नांदेडला हिवाळी टायर लावावेत का? उत्तर सरळ आहे, नाही! आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे पारा चांगलाच खाली येतो, शेकोट्या पेटतात, पण सकाळी नऊला ऊन पडलं की स्वेटर काढावा लागतो. बर्फ तर आपण फ्रिजमध्येच बघतो. उलट ते मऊ रबर आपल्या बेचाळीस अंशांच्या उन्हात, तापलेल्या रस्त्यावर भराभर झिजून जाईल. म्हणजे पैसे पाण्यात. मनाली-काश्मीरला फिरायला गेलात तर तिथला ड्रायव्हर बर्फात चाकाला साखळ्या बांधतो, तेवढं आपल्याला पुरे.

पण भाचीच्या बोलण्यातली एक गोष्ट मनात राहिली. ते लोक ऋतू बदलायच्या आधी टायरकडे बघतात. आपण पंक्चर झाल्यावर बघतो.

आपला बर्फ म्हणजे ओली काळी माती

"आपल्याकडे पाऊसच कुठं पडतो?" असं म्हणायची आपल्याला सवय आहे. आणि ते खोटं कसं म्हणावं? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आपण विसरलेलो नाही. पण पडतो तेव्हा असा पडतो, की २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावंच्या गावं पाण्यात गेली. दुष्काळाचा जिल्हा म्हणून रस्ता निसरडा व्हायचा थोडाच राहतो?

उलट आपल्या भागात घसरण्याची कारणं जास्त आहेत. उन्हाळाभर रस्त्यावर गाड्यांचं ऑइल सांडतं, टायरचं झिजलेलं रबर आणि धूळ साठते. पहिल्या सरीत हे सगळं वर येतं आणि रस्त्यावर साबणासारखा थर तयार होतो. जोराचा पाऊस झाला की तो धुऊन जातो, पण पहिला अर्धा-पाऊण तास फार वाईट. शिवाय आपली काळी माती! पेरणीच्या दिवसांत शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेला चिखल थेट डांबरी रस्त्यावर आणून टाकतो. त्यावर भुरभुर पाऊस झाला की रस्ता नुसता लोण्यासारखा. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारा महामार्ग आता रुंद झालाय, गाड्यांचा वेग वाढलाय. पण शेतातून महामार्गावर येणारा चिखल काही कमी झालेला नाही.

नक्षीचं काम काय?

टायरवरची नक्षी शोभेची नसते. कारचा एक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम आपल्या तळहाताएवढा. स्कूटीचा तर त्याहून कमी. ओल्या रस्त्यावर त्या तळहाताखालचं पाणी बाजूला ढकलायचं काम नक्षीतल्या खाचा करतात. खाचा झिजल्या की पाण्याला निघायला वाट उरत नाही. मग वेगात असलेलं चाक पाण्यावर तरंगायला लागतं. ब्रेक दाबला तरी गाडी पुढेच जाते, हँडल वळवलं तरी सरळच जाते. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर महिनोन्महिने काही कुरकुर करत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. तो दगा देतो नेमका पहिल्या पावसात.

आपल्याकडेही याला कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकी आणि तीनचाकीच्या टायरची खाच कमीत कमी ०.८ मिलिमीटर आणि कारची १.६ मिलिमीटर खोल हवी. समृद्धी महामार्गावर अपघात वाढले, तेव्हा २०२३ मध्ये घासलेल्या टायरच्या गाड्या महामार्गाच्या तोंडाशीच अडवायला सुरुवात झाली होती. गावातल्या गावात मात्र आपल्याला कोण अडवणार? आपणच बघायचं.

घरात पाळी कुणाची?

आता मुद्द्याचं बोलू. घरात टायरसाठी पैसे निघतात तेव्हा आधी ट्रॅक्टर, मग कार, मग साहेबांची बुलेट. बायकोची स्कूटी शेवटी. "गावातल्या गावात तर फिरायचं असतं तुला!" हे वाक्य किती जणींनी ऐकलंय? आणि खरं सांगा, आपण स्वतःही तेच म्हणतो. "चालतंय की अजून, दिवाळीनंतर बघू."

नांदेडची माझी एक मैत्रीण लोहा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. रोज स्कूटीवर जाते, येते. तिने मे महिन्यातच मागचा टायर बदलायचं घरात काढलं होतं. पण भाचीचं लग्न होतं, बी-बियाणं होतं, राहून गेलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विष्णुपुरीच्या अलीकडे भुरभुर पावसात एक कुत्रं आडवं आलं. तिने ब्रेक दाबला आणि स्कूटीचं मागचं चाक एका अंगाला निघून गेलं. वेग जास्त नव्हता, हेल्मेट होतं, मागून मोठी गाडी नव्हती, म्हणून मनगटावर भागलं. तिच्या मागच्या सीटवर रोज मुलगा असतो. त्या दिवशी त्याला ताप होता म्हणून तो घरी होता.

नंतर तिने मला हिशेब सांगितला. स्कूटीचा एक चांगला टायर येतो साधारण दीड हजाराच्या आसपास. मनगटाचं प्लास्टर, एक्स-रे, औषधं, शाळेला रोज रिक्षा, दीड महिना घरकामाला लावलेली बाई, सगळं धरून त्याच्या दहापट गेले. "आणि पोरगं मागे असतं तर?" एवढं बोलून ती गप्प बसली. त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

लातुरात पहाटे साडेपाचला क्लासेसच्या भागात जाऊन बघा. अख्ख्या मराठवाड्यातून शिकायला आलेल्या पोरी घरातली जुनी स्कूटी घेऊन, ट्रिपल सीट, अंधारात, पावसात निघालेल्या असतात. आईबाप फी भरतात, मेसचे पैसे भरतात, नोट्सचे भरतात. त्या स्कूटीचा टायर मात्र पोरगी दहावीत असतानाचाच!

पैसे कुठे घालावे, कुठे वाचवावे?

सगळ्यांनीच टायर बदलायला धावायचं नाही. खाचा चांगल्या खोल असतील आणि रबर मऊ असेल तर नवा टायर लावणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. दुकानदार "खास पावसाचा टायर" म्हणून महागातलं काही दाखवेल, त्याचीही गरज नाही. आपले साधे चांगल्या कंपनीचे टायर बाराही महिने चालतात, फक्त त्यांची नक्षी शाबूत हवी.

पण टायर झिजला असेल तर तो पावसाआधीच बदला, नंतर नको. नवा टायर सुरुवातीला जरासा गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवलं की त्याची पकड बसते. ती कोरड्या रस्त्यावर बसलेली बरी.

गुळगुळीत टायरला गरम हत्याराने पुन्हा खाचा पाडून विकतात, ते कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. त्यात आधीच पातळ झालेलं रबर आणखी कापलेलं असतं. कारचे दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे दोन मागे लावायला सांगा. पुष्कळ जण पुढे लावतात. पण ओल्या रस्त्यावर मागचं अंग घसरलं की गाडी गर्रकन फिरते आणि मग ती आवरत नाही.

आणखी एक बरी गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलाय, ट्रॅक्टरच्या टायरवर तर ५ टक्केच. तेव्हा पक्की पावती मागा आणि कर बघून घ्या.

दहा मिनिटांची तपासणी

हे सगळं आपलं आपल्याला, फुकटात करता येतं.

* खाचांमध्ये आडव्या बारीक उंचवट्यांच्या पट्ट्या असतात. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं दिसतील, त्याच्या सरळ रेषेत शोधा. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली, की टायर संपला.

* टायरच्या अंगावर लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२१९ असेल तर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला. घरीच उभ्या असणाऱ्या स्कूटीची नक्षी नवीकोरी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. पाच-सहा वर्षं झाली आणि बाजूला भेगा दिसल्या तर मेकॅनिकला दाखवा. नवा टायर घेतानाही हे आकडे वाचूनच घ्या.

* हवा पंधरा दिवसांतून एकदा तपासा, टायर थंड असताना. किती हवी ते गाडीच्या पुस्तकात असतं. थंडीत हवेचा दाब आपोआप उतरतो, म्हणून डिसेंबरात जास्त लक्ष द्या. आणि उन्हाळ्यात "टायर फुटेल, हवा कमीच ठेवा" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटायची भीती उलट वाढते.

* मागचा टायर आधी झिजतो, म्हणून लोक तोच बघतात. पुढचाही बघा. वळणावर पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

आणि एक लक्षात असू द्या. टायर कितीही नवा असला तरी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. तिथे कुठल्याच नक्षीचं काही चालत नाही. पाणी ओसरेपर्यंत अलीकडच्या गावात चहा घेत बसा.

आमचे पंक्चरवाले चाचा मला म्हणाले, "ताई, बायामाणसं गाडी धुऊन पुसून लख्ख ठेवतात, पण टायरकडं कुणी बघंना झालंय." त्यांचं म्हणणं पटलं. मृग लागायला जितके दिवस उरले असतील, त्यातली एक सकाळ काढा. स्कूटी मेन स्टँडवर लावा, मागचं चाक हाताने फिरवून बघा, पुढच्या चाकाशी नुसतं वाकून बघा. क्लासला जाणारी लेक असेल तर तिलाही शेजारी बसवा आणि तिच्याच बोटाने खाच मोजायला लावा. टायर संपला असेल तर त्या महिन्याच्या यादीत किराण्याच्या वर त्याचं नाव लिहा. कुणी विचारलं, "आत्ताच कशाला?" तर सांगा, पाऊस काही आपल्या दिवाळीनंतर येणार नाही.