कवीचा वाद्यवृंद

मराठींत गाणें म्हणतात, ओवी म्हणतात आणि कविताहि म्हणतातच. बोलणें व गाणें हीं दोन्ही एकाच क्रियापदांत अशीं सामावलेलीं असल्यामुळें, कवि नुसता बोलत आहे आणि त्याच्या पाठीमागें सॅक्सोफोन, ढोल व खर्जांतील गिटार घुमत आहेत, हें दृश्य मराठी रसिकाला फारसें चमत्कारिक वाटण्याचें कारण नाहीं. इंग्रजींत मात्र ह्या प्रकाराला 'स्पोकन वर्ड' असें निराळें नांव द्यावें लागलें. त्यांतलीच एक ध्वनिमुद्रिका २०२१ सालीं निघाली. तिचा कर्ता अँथनी जोसेफ हा कवि आहे. १९६६ सालीं त्रिनिदाद बेटांत जन्मलेला आणि १९८९ पासून इंग्लंडांत राहिलेला.

ध्वनिमुद्रिकेचें नांव लांबलचक आहे : 'द रिच आर ओन्ली डिफीटेड व्हेन रनिंग फॉर देअर लाइव्ह्ज'. श्रीमंत मंडळी जीव मुठींत धरून पळूं लागतील तेव्हांच काय तो त्यांचा पराभव झाला म्हणावयाचा, असा त्याचा भावार्थ. हे शब्द सी. एल. आर. जेम्स यांच्या 'द ब्लॅक जॅकोबिन्स' ह्या १९३८ सालच्या ग्रंथांतून घेतले आहेत. हैटींतील गुलामांनीं १७९१ सालीं बंड पुकारून १८०४ सालीं स्वतःचें राज्य स्थापिलें, त्याचा तो इतिहास होय. हे जेम्सहि त्रिनिदादचेच. क्रिकेटच्या षौकिनांना ते 'बियाँड अ बाउंडरी' ह्या पुस्तकामुळें अधिक परिचित असतील.

जोसेफ यांच्या पूर्वीच्या वाद्यवृंदाचें नांव 'स्पॅझम बँड' असें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरील पोरें खोकीं, डबे, नळकांडीं जें हातीं सांपडेल त्याचीं वाद्यें करून वाजवीत. त्या टोळ्यांचें हें नांव. २०२१ ची ध्वनिमुद्रिका मात्र कवीच्या एकट्याच्या नांवावर आहे, आणि तिची संगीतरचना जेसन यार्ड या सॅक्सोफोनवादकाच्या देखरेखीखालीं झाली. त्याच्या जोडीला शबाका हचिंग्स, डेनिस बॅप्टिस्ट व कॉलिन वेब्स्टर हे आणखी तीन सॅक्सोफोनवादक आहेत.

चाल कोठें आहे, असें प्रथम ऐकणारा विचारील. चाल नाहीं, ठेका आहे. १९६० नंतरच्या दशकांत जेम्स ब्राउन याच्या हातून अमेरिकेंत फंक नांवाची जी रीत रुळली, तिचें मर्म समेवर दिलेल्या विलक्षण जोरांत आहे. एक आंखूड लकेर पुनःपुन्हा घोळवावयाची आणि प्रत्येक आवर्तनांत समेवर सगळ्यांनीं मिळून आदळावयाचें. ह्या अढळ ठेक्यावर कवि मोकळा बोलतो; कधीं समेच्या पुढें धांवतो, कधीं मागें रेंगाळतो, आणि ओळ संपली कीं सॅक्सोफोन तिला उत्तर देतात. हें उत्तर देणें जॅझचें खरें, पण तितकेंच तें त्रिनिदादच्या प्रार्थनामंदिराचें व कॅलिप्सोच्या मांडवाचेंहि आहे.

ह्या बेटांत ठेका ही निरुपद्रवी गोष्ट कधींच नव्हती. १८८१ सालीं कार्निव्हलांत दंगा झाल्यानंतर ब्रिटिश सरकारनें ढोलांवर बंदी घातली, तेव्हां लोकांनीं बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ठेका धरला. १९१७ सालीं 'शाउटर' म्हणून हिणविल्या जाणाऱ्या स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट पंथाच्या उपासनेलाच मनाई झाली व ती १९५१ पर्यंत टिकली. गुन्हा काय, तर ओरडून, घंटा वाजवून, अंग घुसळून देवाची आळवणी करणें! जोसेफ आजीआजोबांच्या घरीं वाढले आणि ह्याच पंथाच्या उपासनेचा संस्कार त्यांच्या वाणीवर झाला.

शाळेंतून शिकविली जाई ती इंग्रजी कविता, एका ओळींत पांच आघातांच्या संथ वृत्तांतली. बार्बाडोसचे कवि कामाऊ ब्रॅथवेट यांचा आक्षेप असा कीं, हें वृत्त इंग्लंडच्या हवेचें आहे. वादळांच्या प्रदेशांतला अनुभव त्यांत मावत नाहीं. शब्द इंग्रजी असले तरी उच्चार, हेल आणि झोंक आफ्रिकेकडून आलेला असतो. अशा बोलीला त्यांनीं 'नेशन लँग्वेज' म्हटलें. (त्याचें भाषांतर 'राष्ट्रभाषा' असें केल्यास आपल्याकडे भलताच अर्थ होईल.) गंमत अशी कीं, ही वाट आपल्याला कोणी दाखविली हें सांगतांना ब्रॅथवेट टी. एस्. एलियट यांचें नांव घेतात. त्यांच्या ग्रंथांचें नव्हे, तर ध्वनिमुद्रित आवाजाचें. बोलण्याच्या लयींत कविता वाचणारा तो कोरडा स्वर बार्बाडोसच्या तरुणांनीं ऐकला. त्याच सुमारास रेडिओवर जॉन आर्लट हे आपल्या गांवढळ हँपशायरी उच्चारांत क्रिकेटचें धांवतें वर्णन करीत. तोहि धडाच ठरला. बी. बी. सी. च्या 'कॅरिबियन व्हॉइसेस' ह्या कार्यक्रमानें तर १९४३ ते १९५८ पर्यंत बेटांवरचें लेखन लंडनहून वाचून पुन्हा बेटांकडे धाडलें. साम्राज्याच्या यंत्रांतून त्या लोकांना स्वतःचाच आवाज ऐकूं आला.

ब्रॅथवेट २०२० सालीं वारले. ध्वनिमुद्रिकेचा पहिला भाग 'कामाऊ' हा त्यांच्या स्मरणार्थ आहे. येथें शोकगीताचा मंद सूर मुळींच नाहीं. ढोलांची झोड उठते आणि कवि आप्ताला मोठ्यानें हांक मारावी तसें बोलतो. कांहीं ठिकाणीं सॅक्सोफोनांच्या गदारोळांत शब्द बुडतात, हा दोष म्हटला पाहिजे. कवीच्या ध्वनिमुद्रिकेंत तरी शब्द बुडूं नये.

दुसरा भाग 'कॉलिंग इंग्लंड होम' हा सर्वांत उत्तम. परक्या देशांत आयुष्य घालविलेल्याला तो देश आपलें घर वाटूं लागण्यास किती काळ जावा लागतो, हा त्याचा विषय. जून १९४८ मध्यें 'एम्पायर विंडरश' जहाज टिलबरीच्या धक्क्याला लागलें, तेव्हां त्रिनिदादचा कॅलिप्सो-गायक लॉर्ड किचनर यानें चित्रपटाच्या कॅमेऱ्यापुढें लंडनची स्तुति गाइली होती. त्याच्या जीवनावर जोसेफ यांनीं २०१८ सालीं 'किच' ही कादंबरी लिहिली. किचनरनें लंडनविषयीं जें धक्क्यावरच निःशंकपणें गाइलें, त्याचा हिशेब येथें सत्तर वर्षांनंतर, हलक्या आवाजांत, कोणतीहि तक्रार न फुगवितां मांडला जातो. वाद्यें मागें सरतात, आणि एकेक शब्द स्पष्ट ऐकूं येतो.

पुढील चार भागांपैकीं एक जमेकाचे कवि अँथनी मॅकनील यांस उद्देशून आहे; शेवटचा 'स्विंग प्रॅक्सिस' पुन्हा ठेक्यावर येऊन संपतो.

ब्रॅथवेट यांना ज्यांच्या आवाजानें वाट दाखविली, त्या एलियट यांच्या नांवाचें २०२२ सालचें काव्यपारितोषिक जोसेफ यांच्या 'सॉनेट्स फॉर अल्बर्ट' ह्या संग्रहास मिळालें. आयुष्यांत बहुतेक दूरच राहिलेल्या आपल्या वडिलांवर हीं सुनीतें लिहिलेलीं आहेत. बांधणी इंग्रजांच्या चौदा ओळींची, आणि हेल त्रिनिदादचा.