आई ओळखा, पिल्लू जोडा

प्राण्याची आई आणि तिचे पिल्लू यांची चित्रे जुळवणे हा बालवाडी-अंगणवाडीतला नेहमीचा खेळ आहे. गाय-वासरू, म्हैस-रेडकू, शेळी-करडू, मेंढी-कोकरू, घोडी-शिंगरू, कोंबडी-पिल्लू अशा जोड्यांची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवलेली असतात. आयांची चित्रे ओळीने मांडायची, पिल्लांची चित्रे मिसळून मुलापुढे ठेवायची आणि प्रत्येक पिल्लाला त्याच्या आईजवळ पोचवायला सांगायचे, एवढाच नियम. साहित्य थोडे लागते, पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिकण्यातल्या अनेक गोष्टी या एका खेळात येतात.

पहिली गोष्ट निरीक्षणाची. दोन सारखी चित्रे जुळवायची असतील, तर नुसत्या नजरेने भागते. आई आणि पिल्लू मात्र सारखे असूनही वेगळे दिसतात. कोंबडीच्या पिल्लाला तुरा नसतो, मोठी पिसे नसतात, अंगभर मऊ लव असते. चोच आणि पायांची ठेवण तेवढी आईसारखी असते. वासराला शिंगे फुटलेली नसतात, पण तोंडाचा आकार आणि खूर गाईचेच असतात. रानडुकराच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात, ते वाढत्या वयात नाहीसे होतात. काय बदलते आणि काय तसेच राहते, हे शोधल्याशिवाय जोडी जुळत नाही.

दुसरी गोष्ट गणिताची. एका आईपुढे एकच पिल्लू ठेवताना मूल एकास एक जोडी लावते. मोजणीचा पाया हाच, कारण मोजताना प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्यायचा असतो. चार आया आणि पाच पिल्ले दिली की एक पिल्लू उरते. आकडे येत नसलेल्या मुलालाही ‘पिल्ले जास्त, आया कमी’ हे तेव्हा समोर दिसते.

तिसरी गोष्ट वर्गीकरणाची. या वयाची मुले वस्तू एकत्र लावताना बरेचदा त्यांच्यातले नाते धरतात. कुत्र्याशेजारी दुसरा प्राणी न ठेवता हाडूक ठेवतात. एलन मार्कमन आणि जीन हचिन्सन यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा कल दिसला होता. आई-पिल्लाच्या जोडीत नातेही असते आणि जातही एकच असते. त्यामुळे मुलाला उमजणाऱ्या नात्यापासून सुरुवात करून ‘एका जातीचे प्राणी’ या कल्पनेपर्यंत त्याला सहज नेता येते.

नावे शिकवण्यासाठी मारिया माँटेसरी यांनी एदुआर सेगँ यांच्याकडून घेतलेली तीन पायऱ्यांची पद्धत इथे चांगली लागू पडते. आधी ताई चित्र दाखवून सांगते, ‘हे करडू.’ मग विचारते, ‘करडू कोणते, दाखव बघू.’ शेवटी चित्रावर बोट ठेवून विचारते, ‘हे काय?’ तिसरा प्रश्न सर्वांत अवघड असतो, कारण शब्द मुलाला स्वतः आठवावा लागतो. तो आठवला नाही तर रागवायचे नाही, मागच्या पायरीवर यायचे. मुलाच्या घरी म्हशीच्या पिल्लाला पारडू म्हणत असतील, तर तो शब्द बरोबरच धरावा आणि त्याच्या जोडीला रेडकू सांगावे.

चूक दाखवण्याचे काम साहित्यानेच करावे, हाही माँटेसरींचा आग्रह होता. त्यासाठी प्रत्येक जोडीचा पुठ्ठा मधून वेगवेगळ्या वळणाने कापतात. चुकीचे पिल्लू लावले की कडा बसत नाहीत आणि मूल आपणहून दुसरे उचलते.

कोणत्या प्राण्यांपासून सुरुवात करावी, याचे उत्तर परिसरात असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. आजूबाजूच्या वस्तू आणि अनुभव हेच त्यांच्या शिक्षणाचे साहित्य होते. ज्या मुलाने शेळी पाहिली आहे, त्याला करडाची जोडी आधी द्यावी. कांगारू आणि पेंग्विन नंतर. शहरातल्या मुलाला कुत्री, मांजर आणि कबुतर जवळचे. तीन वर्षांच्या मुलाला तीन-चार जोड्या पुरतात, पाच वर्षांच्या मुलाला सात-आठ देता येतात. आधी खेळण्यातले प्राणी, मग छायाचित्रे आणि शेवटी रेखाचित्रे हा क्रम सोयीचा.

चित्रांत काही दोष हमखास आढळतात. आई म्हणून आयाळीचा सिंह, पिसारा फुलवलेला मोर किंवा तुरेवाला कोंबडा छापलेला असतो. तिथे सिंहीण, लांडोर आणि कोंबडी हवी. काही संचांत पिल्लू म्हणजे आईचेच चित्र लहान करून छापलेले असते. मग शोधण्यासारखे काही उरतच नाही. दोन्ही पुठ्ठ्यांची पार्श्वभूमी एकाच रंगाची असेल, तर मूल प्राण्याकडे न बघता रंगावरून जोडी लावते. सर्व चित्रांची पार्श्वभूमी पांढरी ठेवली की हा दोष जातो.

खेळ सवयीचा झाला की पुढचे प्रश्न घ्यावेत. बेडकाचे पिल्लू बेडकासारखे का दिसत नाही? सुरवंटाची आई कोण? मेंढी कळपातून आपले कोकरू वासाने ओळखते. म्हणजे आईला जोडी लावायला चित्र लागत नाही, हे मुलांना फार आवडते.

छापील संच विकत घेण्याआधी पालकांनी आणि ताईंनी मुलांना जवळच्या गोठ्यात किंवा शेळ्यांच्या कळपाजवळ न्यावे. खरे वासरू डोळे भरून पाहिलेल्या मुलाला चित्रातली त्याची आई शोधायला फार सांगावे लागत नाही.