अंकीय वृत्तमाध्यमे व लोकविश्वास

अंकीय वृत्तमाध्यमे व लोकविश्वास : भ्रमणध्वनी, संगणक व आंतरजाल यांच्या द्वारे येणाऱ्या वार्तेवर, चित्रावर वा आवाजावर समाज कितपत आणि कशाच्या आधारे विश्वास ठेवतो, याचा विचार ह्या विषयात केला जातो. त्याची तीन अंगे आहेत : आंतरजालावरील वृत्तपत्रे व वाहिन्या (अंकीय वृत्त), लोकांनी परस्परांना मजकूर पाठविण्याची साधने (समाजमाध्यमे) आणि माणसाने केल्यासारखा मजकूर, आवाज व चित्रे तयार करणाऱ्या संगणकप्रणाली (कृत्रिम बुद्धिमत्ता).

विश्वासाचा आधार : महाराष्ट्रात दर्पण (१८३२) ह्या पत्रापासून छापील शब्दाला प्रतिष्ठा लाभली. ‘छापून आले आहे’ हेच पुष्कळदा पुरेसे प्रमाण मानले जाई. त्यामागे उत्तरदायित्वाची व्यवस्था होती. १८६७ च्या अधिनियमाने मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक केले होते. त्यामुळे चुकीच्या बातमीबद्दल कोणाला जाब विचारावयाचा, हे वाचकास कळत असे. समाजमाध्यमांत मूळ कर्त्याचे नाव बहुधा गळून पडते आणि पाठविणाऱ्याचे नाव तेवढे दिसते. पाठविणारा भाऊ, शेजारी किंवा शिक्षक असल्यास त्याच्यावरील विश्वास मजकुराकडे वळतो. अंकीय माध्यमांविषयीच्या लोकवृत्तीचे हे प्रमुख लक्षण होय.

पूर्वपीठिका : अफवा ह्या माध्यमांनी जन्मास घातली, असे मात्र म्हणता येत नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणेशमूर्ती दूध पितात ही वार्ता मुख्यतः दूरध्वनीवरून एका दिवसात देशभर पसरली. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईत माहीम येथील समुद्राचे पाणी गोड झाल्याचे ऐकून शेकडो लोक ते पिण्यासाठी जमले. ऑगस्ट २०१२ मध्ये खोट्या लघुसंदेशांमुळे ईशान्य भारतातील रहिवासी बंगळूर, पुणे इ. शहरांतून भयाने निघून जाऊ लागले. तेव्हा एका वेळी पाचांपेक्षा अधिक लोकांना लघुसंदेश पाठविण्यावर शासनाने तात्पुरता निर्बंध घातला. नव्या साधनांनी वाढविला तो प्रसाराचा वेग आणि चित्राच्या साक्षीचा भास.

राईनपाडा येथील घटना : ह्या विश्वासाचे घातक रूप १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा ह्या गावी दिसून आले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात पसरले होते. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारले. भटक्या जमातींकडे संशयाने पाहण्याची जुनी वृत्ती आणि नवे साधन यांचा येथे संयोग झाला. त्या काळी देशभर फिरणारी अपहरणाची एक चित्रफीत प्रत्यक्षात कराचीतील एका संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी बनविली होती. तिचा उलगडा करणारा शेवटचा भाग तेवढा कापून टाकण्यात आला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली.

नवी मुंबई : ह्या माध्यमांची भौतिक बाजू नवी मुंबईत विशेष स्पष्ट दिसते. सिडकोने १९७० पासून वसविलेल्या ह्या शहराच्या ऐरोली, रबाळे, महापे ह्या औद्योगिक पट्ट्यात आज मोठी माहितीकेंद्रे (डेटा सेंटर) आहेत. असंख्य लोकांचे संदेश व चित्रे अशाच केंद्रांत साठविली जातात. त्याच शहरात विविध प्रांतांतून आलेली कुटुंबे गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत राहतात. पाणीकपात, वर्गणी, सभेची सूचना यांसाठी संस्थेच्या सूचनाफलकाचे काम आता पुष्कळ ठिकाणी भ्रमणध्वनीवरील गट करतात. उपयुक्त सूचना व निराधार वार्ता एकाच वाटेने, एकाच परिचित नावाखाली येत असल्याने त्यांतील भेद ओळखणे कठीण जाते.

कायदा व मतस्वातंत्र्य : नियंत्रणाचा अतिरेकही धोक्याचा असतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर वादाचा विषय ठरलेले माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. केंद्र शासनाविषयीची कोणती माहिती खोटी आहे, हे शासनानेच नेमलेल्या कक्षाने ठरवावे, हा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविला.

कृत्रिम बुद्धिमत्ता : आतापर्यंत ‘डोळ्यांनी पाहिले’ हा पुरावा अखेरचा मानला जाई. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा चेहरा व आवाज वापरून केलेली बनावट जाहिरात प्रसृत झाली व ती खोटी असल्याचे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले. अशा प्रकारांमुळे दुहेरी हानी होते : खोटे खरे वाटते आणि खऱ्या चित्रफितीलाही बनावट म्हणून झटकून टाकता येते.

लोकमताची मोजणी : ऑक्सफर्ड येथील रॉयटर्स संस्थेच्या २०२१ ते २०२५ मधील वार्षिक पाहण्यांनुसार भारतातील सुमारे दर दहांपैकी चार प्रतिसादक बातम्यांवर बहुतांशी विश्वास ठेवतात. २०२५ च्या पाहणीत विविध देशांतील ७% लोक बातम्यांसाठी दर आठवड्यास संभाषणप्रणाली वापरत असल्याचे आढळले. पंचविशीच्या आतील व्यक्तींत हे प्रमाण १५% होते. भारतातील नमुना मात्र मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्या आंतरजालवापरकर्त्यांचा आहे; राईनपाड्यासारख्या गावातील वृत्तीचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

पडताळणीची यांत्रिक साधने व नियम आवश्यक असले, तरी ती घटना घडून गेल्यावर उपयोगी पडतात. मजकूर पुढे पाठविणारी व्यक्ती ही त्याच्या प्रसिद्धीस काही अंशी जबाबदार असते, ही जाणीव मुद्रकाचे नाव छापण्याच्या जुन्या नियमामागे होती. ती आता प्रत्येक वापरकर्त्यात रुजणे अगत्याचे आहे.