खाडीकाठचा मुक्काम : अंधार पडण्याआधीची चार कामे

पावसाळा सरला की आपल्या वस्त्यांतील तरुण मंडळे लेणी पाहायला बाहेर पडतात. २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर अभिवादन करायचे, गांधारपाले लेणी बघायची, तिथून कुडा लेणी गाठायची आणि पुढे दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्याने एक-दोन दिवस पायी चालायचे, असे बेतही आता होऊ लागले आहेत. हे चांगलेच आहे. पण हॉटेलचे भाडे परवडत नाही. मग रात्र शाळेच्या पडवीत, समाजमंदिरात, बौद्धवाडीतल्या विहारात, नाहीतर मासे सुकवायच्या शेडमध्ये काढली जाते.

डोक्यावर छप्पर मिळाले की मुक्कामाची सोय झाली, असे आपण धरून चालतो. छपराने दव आणि ऊन अडते. विंचू-साप, दूषित पाणी, कोंदलेला धूर आणि भरती यांच्यापासून ते वाचवत नाही. दिवस मावळायच्या आत चार कामे केली, तरच ती जागा निवारा ठरते.

कुडा लेणी रायगड जिल्ह्यात तळा तालुक्यात, राजपुरी खाडीच्या बाजूला आहेत. इथे एकूण २६ लेणी. त्यांतले एक लेणे वैद्य सोमदेव याने दान दिल्याचे शिलालेखात कोरलेले आहे. त्याचे वडील इसिरखित हेही वैद्य आणि उपासक होते. लेखात मुलांच्या जोडीला मुलींचीही नावे आहेत. भिक्खूंना वर्षावासात राहता यावे म्हणून जी जागा खोदली, तिची रचना नीट बघा. झोपायला जमिनीपासून उंच दगडी ओटा आहे आणि जवळच पिण्याच्या पाण्याची पोढी आहे. उंच अंथरूण आणि खात्रीचे पाणी, आपलीही पहिली दोन कामे हीच.

मात्र आज लेण्यात रात्र काढू नका. ही संरक्षित स्मारके आहेत, सूर्यास्तानंतर तिथे थांबता येत नाही. आग्या मोहोळ असेल तर तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा.

पहिले काम : पाणी

समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी बरेचदा मचूळ असते. गावकरी प्यायला कोणत्या विहिरीचे पाणी भरतात, ते तिथल्या बायांना विचारा. ते पाणीही चांगली उकळी आणून मगच प्या. पोढीतले साठलेले पाणी पिऊ नका.

किनाऱ्यावरची हवा दमट असते, त्यामुळे घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. सकाळी ११ ते ४ चालणे बंद ठेवा. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसचे पाकीट, आणि ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या. मीठ वाढवू नका.

पावसात किंवा पावसाळा संपता संपता जात असाल तर आणखी एक गोष्ट. पायाला जखम असताना भातखाचरातून किंवा साचलेल्या पाण्यातून चालल्याने लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. घरी आल्यावर पंधरवड्यात ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर डॉक्टरांना "आम्ही चिखलपाण्यातून चाललो होतो" हे आवर्जून सांगा.

दुसरे काम : झोपायची जागा

बाक, खाट, ओटा मिळाला तर त्यावर झोपा. जमिनीवरच झोपावे लागले तर भिंतीला आणि लाकडाच्या ढिगाला चिकटून झोपू नका. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. डास तर अडतातच, पण साप-विंचूही अंथरुणात शिरत नाहीत. जेवणाचे खरकटे खोलीत ठेवू नका. खरकट्याला उंदीर येतात आणि उंदरामागे साप. रात्री लघवीला जाताना बॅटरी आणि चप्पल हवीच. मुलींनी जोडीने जावे. शौचालय कुठे आहे, ते उजेडातच बघून ठेवावे. सकाळी बूट झटकून घाला.

थंडी वाजते म्हणून किंवा डासांसाठी बंद खोलीत शेगडी, कोळसा पेटवून झोपू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. चूल बाहेर मांडा, खिडकी थोडी उघडी ठेवा.

तिसरे काम : दवाखान्याचा रस्ता

बौद्धवाडी बहुतेकदा गावाच्या टोकाला असते. रस्ता अर्धवट, मोबाइलला रेंज नाही. रात्री दोन वाजता शोधाशोध करण्यापेक्षा संध्याकाळीच तीन गोष्टी विचारा. सापाची लस असलेले सरकारी रुग्णालय कुठे आहे? गाडी कोणाकडे आहे? रेंज कुठे मिळते? १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण तिला पत्ता नीट सांगता आला पाहिजे.

कोकणात फुरसे, घोणस, नाग आणि मण्यार हे चार विषारी साप मुख्य. त्यांतला मण्यार रात्री फिरतो, आणि तो चावल्याचे अनेकदा कळतही नाही. फारशी वेदना नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी कोणी असे उठले, तर "पित्त झाले असेल" म्हणून थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

साप चावल्यावर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, धीर द्या. भगत-मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तासही महाग पडतो.

विंचवाचे तसेच. कोकणातला लाल विंचू छोटा असला तरी हृदयावर परिणाम करतो. भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, धाप लागणे ही धोक्याची चिन्हे. पूर्वी यात अनेक मुले दगावत. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध यावर उपयोगी असल्याचे दाखवून दिले आणि मृत्यू खूप कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे उपचार आहे, तो वेळेत मिळायला हवा. ही गोळी मनाने घ्यायची नाही, रुग्णालयातच.

चौथे काम : भरतीची वेळ

किनाऱ्याने चालताना खडकाच्या टोकाला वळसा घालायचा असेल, तर भरतीत वाट बंद होते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या खडकांवर लाटांनी माणसे ओढली गेली आहेत. कोळी बांधवांचा ठोकताळा सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, साधारण त्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. दिवसाला दोनदा भरती येते, दोहोंत सुमारे साडेबारा तासांचे अंतर, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठे. हा अंदाज आहे. निघण्यापूर्वी होडीवाल्याला विचाराच, आणि ओहोटी लागल्यावरच टोक ओलांडा.

घरातून निघताना

बीपी आणि शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या आणि अर्ध्या अर्ध्या करून दोन पिशव्यांत ठेवा. शुगर असणाऱ्यांनी उपाशी चालू नये, खिशात गूळ किंवा साखर असू द्यावी. मच्छरदाणी, बॅटरी, ओआरएस, जखमेची पट्टी, शिट्टी आणि लांब पॅन्ट सोबत घ्या. कोणत्या रात्री कुठे मुक्काम आहे, ते कागदावर लिहून घरी आईकडे ठेवा. आणि गटातल्या एकाने तरी मुक्कामी पोहोचल्यावर पिशवी उतरवण्याआधी ही चार कामे करायची जबाबदारी घ्यावी. तो कोण, हे एसटीत बसण्यापूर्वीच ठरवा.